आठ बोटांची काच

मी गप्प बसले ती दमले होते म्हणून. दुसरं काही कारण शोधू नका. वहिनीला वाटतं मी हट्टाला पेटले, भाच्याला वाटतं आत्याचं डोकं फिरलं. तसलं काही नाही. वयाच्या बासष्टाव्या वर्षी, चाळीस वर्षं भट्टीपुढे बसून झाल्यावर, माणसाला भांडायचाही कंटाळा येतो. एवढंच.

आमचा काचेचा कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन भट्ट्या आणि आम्ही तिघं. मोठ्या भट्टीत काच वितळते, ती दादाची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. दुसरी भट्टी माझ्या कमरेइतकीच, तिला आम्ही बुटकी म्हणतो, आणि ती माझी. ओतलेली काच तशीच उघड्यावर ठेवली तर वरून गार होते, पोटात तापलेली राहते, आणि त्या ओढाताणीत तडकते. म्हणून ती गरम असतानाच बुटकीत सरकवायची, तोंड विटा रचून मातीनं लिंपायचं आणि जाळ जरा जरा उतरवत तिला निववायची. घाई करायची नाही, दार किलकिलं करून बघायचं नाही. हे काम मी लग्न मोडून परत आले त्या वर्षापासून करते आहे. दादा मला कासव म्हणतो. आमच्यातला तिसरा म्हणजे भाचा, दादाचा मुलगा. साचे, गिऱ्हाइकं आणि आरडाओरडा ही त्याची खाती.

आम्ही करतो काय, तर कागद उडू नयेत म्हणून ठेवतात ते गोटे. खाली सपाट, वर घुमट, आणि पोटात एकच बुडबुडा. घुमटाचा साचा म्हणजे लोखंडी वाडगा. त्यात अर्धी काच ओतायची, सळईनं एकदा टोचायचं, वरून उरलेली ओतायची. टोचल्या जागी हवा अडकते, तिचा बुडबुडा होतो. सांगायला सोपं आहे. भाचा वीस वर्षं करतोय, अजून त्याचा बुडबुडा कुठेतरी कडेला जाऊन बसतो. दादाचा मात्र मधोमध. मोजून घ्या, केसाचा फरक निघणार नाही.

अशा माणसाला काचबिंदू व्हावा! "जन्मभर काच केली, आता डोळ्यांतूनही काचच निघाली," असं तो डॉक्टरांनाच हसत हसत म्हणाला. डावा डोळा दोन वर्षांपूर्वी गेला. उजव्याला नळीतून बघितल्यासारखं दिसायचं. समोरचं तेवढं दिसे, बाजूचं सगळं गडप. ताटातली वाटी हातानं चाचपडायचा आणि वहिनी तिकडे बघितलं न बघितल्यासारखं करायची.

आणि एक दिवस म्हणाला, "मला एक मोठा गोटा करायचाय. माझ्यासाठी. आपल्या गोट्यातला बुडबुडा आता मला दिसत नाही गं. बोटाच्या पेरापेक्षा लहान तो. या नळीतून दिसेल एवढा मोठा बुडबुडा मला एकदा बघायचाय."

आता यावर कोण नाही म्हणणार?

आमचा सगळ्यात मोठा गोटा चार बोटं जाड. आडवी बोटं एकावर एक ठेवून मोजतो आम्ही, वडिलांपासूनची रीत आहे. दादानं आठ बोटांचा साचा करून आणवला. चार बोटांच्या गोट्याला एक पळी काच लागते. दादा म्हणाला, "दुप्पट आहे, दोन पळ्या लागतील. हाताशी असावी म्हणून तीन वितळव." भाच्यानं तीन वितळवल्या. एक ओतली, दुसरी ओतली. साचा वाकून बघितला तर पाव भरलेला. तिसरी ओतली, तरी निम्म्याला टेकेना.

"साचा चुकीचा आलाय!" भाचा ओरडला. "मी त्या साचेवाल्याला सोडत नाही. पत्रच लिहितो."

"पत्र कसलं लिहितोस," मी म्हटलं. "साचा बरोबर आहे. आठ पळ्या लागतील."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मला हे कुणी शिकवलेलं नाही. गोटे खोक्यांत मी भरते, लहान खोकी मोठ्या खोक्यात मी रचते. खोकं लांबीला दुप्पट, रुंदीला दुप्पट आणि उंचीला दुप्पट असलं की आत दोन नाही, आठ लहान खोकी बसतात. गोटा तरी वेगळा कसा असेल? पण पुरुषमाणसांनी खोकी कधी भरली असतील तर ना.

दुसऱ्या दिवशी आठ पळ्या वितळवून नव्यानं ओतलं. चार ओतल्या, दादानं सळई घेतली, डोकं तिरकं करून त्या नळीसारख्या नजरेत साचा धरला आणि टोचलं. वरून चार. भाच्याचे खांदे भरून आले. साच्यासकट ते धूड आम्ही तिघांनी मिळून बुटकीत ढकललं आणि मी विटा रचायला घेतल्या.

बुटकीच्या वरच्या भिंतीवर आमच्या वडिलांनी चुन्यानं लिहून ठेवलंय: जितकी बोटं, तितके दिवस. म्हणजे एक बोट जाड काच एक दिवस निववायची, दोन बोटं दोन दिवस, चार बोटं चार. पन्नास वर्षं झाली, ती ओळ कुणी पुसली नाही आणि कुणी तपासलीही नाही.

दादा हात झटकत म्हणाला, "आठ बोटं, आठ दिवस. कासव, लाग मोजायला."

इथे मी तोंड उघडायला हवं होतं.

कारण मला ठाऊक होतं की ती ओळ खोटी आहे. लबाडीनं खोटी नव्हे, बिचारीचा हिशेबच तोकडा. एक बोट काच सकाळी ठेवली तर दुपारच्या चहापर्यंत, म्हणजे पाव दिवसात, ती आतबाहेर सारखी होते. आम्ही उगाच दिवसभर ठेवतो. दोन बोटांना एक दिवस पुरतो, आम्ही दोन देतो. उशिरा काढल्यानं काच काही बिघडत नाही, म्हणून कधी कुणाच्या लक्षात आलं नाही. पण चार बोटांना अख्खे चार दिवस लागतात, तासभरही कमी चालत नाही. आमची फुटकी काच टाकायची पेटी आहे ना, तिच्यात एका बोटाचा गोटा मी कधी टाकला नाही. चार बोटांचे मात्र दर महिन्याला दोन-तीन. का, याचा विचार करायला बुटकीपुढे बसून मला वेळच वेळ होता. जाडी दुप्पट झाली की वेळ दुप्पट होत नाही, चौपट होतो. पाव दिवस, एक दिवस, चार दिवस. पोटातल्या उष्णतेला बाहेर पडायची वाटही लांब होते आणि त्या वाटेनं बाहेर पडायची उष्णताही जास्त असते. मग आठ बोटांना किती? सोळा.

हे मी पूर्वी एकदा बोलले होते. तेव्हा दादानं वडिलांच्या फोटोकडे हात केला, "ते मूर्ख होते का?" असं विचारलं आणि दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. पुन्हा ते सगळं करायचं माझ्या जिवावर आलं. पाठ दुखत होती. म्हटलं, बोलायचंय कशाला, जाळ कमीजास्त करायची झडप आपल्या हातात आहे, आपण सोळा दिवसांच्या चालीनं जाळ उतरवू. आठव्या दिवशी थोडा गोंधळ होईल, मग निवळेल. दादाच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं होतं. आठ दिवस इकडे की तिकडे, काय बिघडतंय?

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून बोलावणं आलं. डोळ्यातला दाब वाढला होता. डॉक्टर म्हणाले, पुढच्या महिन्यापर्यंत थांबता येणार नाही. गोटा ओतल्यापासून मोजलं तर बाराव्या दिवसाची तारीख मिळाली. वहिनीनं घाबरत विचारलं, दिसेल ना मग? डॉक्टर भला माणूस, त्यानं लपवलं नाही. ऑपरेशन केलं नाही तर उरलेली नजर चारसहा महिन्यांत जाणारच. केलं तर बहुतेकांची टिकते, पण क्वचित एखाद्याची ऑपरेशनच्या टेबलावरच जाते.

घरी येताना दादा खुशीत होता. "आठव्या दिवशी गोटा बाहेर, बाराव्या दिवशी मी आत. मधे चार दिवस नुसतं बघत बसायचं. झकास जमलं!"

त्या दिवशी परत मी तोंड उघडायला हवं होतं. बुटकीपुढे जाऊन बसले, झडपेवर हात ठेवला. अजून पाच दिवस होते. जाळ भराभर उतरवला असता तर आठव्या दिवशी गोटा बाहेरून गार लागला असता, आणि दादाच्या हातात, नाहीतर त्याच्या तोंडासमोर फुटला असता. ते माझ्यानं होईना. आणि जाऊन खरं सांगणंही होईना. तो इतका खूश होता. म्हटलं, उद्या सांगू. उद्या म्हटलं, परवा सांगू. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं हो, खरंच नव्हतं. नुसता थकवा होता आणि भित्रेपणा होता.

आठव्या दिवशी दादा सकाळीच आला. दाढी केलेली, धुतलेला सदरा. मागे वहिनी आणि भाचा. दादानं बुटकीच्या भिंतीला तळहात लावला आणि चटकन काढला.

"ही तापलेली आहे."

"हो."

"किती दिवस लावलेस?"

"सोळा."

त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे माझ्या ऑपरेशननंतर चार दिवसांनी."

"हो."

भाचा माझ्या अंगावर धावून आल्यासारखा ओरडायला लागला. आत्या, तुला कुणी सांगितलं होतं, स्वतःला काय समजतेस, आजोबांपेक्षा शहाणी का? दादानं त्याला हातानंच गप्प केलं. मला म्हणाला, "कारण सांग." मी सांगितलं. एक बोट, दोन बोटं, चार बोटं, फुटक्या काचांची पेटी, सगळं. तो मान खाली घालून ऐकत होता.

वहिनी मधेच म्हणाली, "वन्सं, मला तुमचं गणित कळत नाही. फुटला तर फुटू दे. फुटका बघतील, पण बघतील तर!"

मी कोपऱ्यातला हातोडा घेतला आणि विटांपुढे बसले. एक वीट सैल केली की झालं असतं.

"ठेव तो," दादा म्हणाला. "फुटका मी बघणार नाही."

मी हातोडा खाली ठेवला. मला वाटलं, संपलं, समजून घेतलं त्यानं. पण तो अजून मोजत होता.

"दोन बोटांना एक दिवस म्हणतेस. पाच बोटं म्हणजे दोनाच्या अडीचपट. अडीच गुणिले अडीच. सव्वासहा दिवस." त्याचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर तू मला हे बोलली असतीस, तर हा काढून फेकला असता आणि चौथ्या दिवशी पाच बोटांचा ओतला असता. अकराव्या दिवशी तो माझ्या हातात असता. एवढा मोठा नसता, पण मला दिसला असता."

मला हे सुचलंच नव्हतं. देवाशपथ सांगते, सुचलं नव्हतं. सोळा दिवस हा एक आकडा मी पोटाशी धरून बसले होते, आणि तोच आकडा लहान काचेला लावला तर वाट निघते हे मला दिसलं नाही. ज्याचे डोळे चालले होते त्याला ते उभ्या उभ्या दिसलं.

"का बोलली नाहीस?"

"दमले होते रे."

तो वहिनीचा हात धरून गेला.

पुढचे चार दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही, आणि खरं सांगू, बरं वाटलं. मी जाळ उतरवत राहिले. बाराव्या दिवशी सकाळी, ते दवाखान्यात निघून गेल्यावर, मी कारखाना उघडला तर वडिलांच्या ओळीखाली चुन्यानं नवं लिहिलेलं होतं. अक्षरं वाकडी, एकमेकांवर चढलेली: चार बोटांपर्यंतच. जाण्याआधी दादा एकटा येऊन लिहून गेला होता. मी तिथेच विटांवर बसून रडले. जन्मात पहिल्यांदा वडिलांच्या ओळीपुढे मी बरोबर ठरत होते, आणि मला तसं ठरायचं नव्हतं. मनात येत होतं, डॉक्टरचा हात चांगला लागू दे, नजर टिकू दे, गोटा खुशाल फुटू दे.

चौदाव्या दिवशी पट्टी काढली. दादाला उजेड कळला आणि अंधार कळला. खिडकी कुठे आहे ते त्यानं बोटानं दाखवलं. वहिनीच्या चेहऱ्याकडे तोंड करून विचारलं, "तू रडतेस का गं?" त्यापलीकडे काही नाही. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस वाट बघू. त्यांच्या आवाजावरूनच कळलं की ती वाट कुठे जात नाही.

सोळाव्या दिवशी मी विटा काढल्या. भाच्यानं न बोलता साचा ओढला, उलटा केला, लाकडी ठोकळ्यानं दोनदा ठोकला. गोटा सुटून पोत्यावर आला. मी ओल्या फडक्यानं पुसणार होते, मग कोरडं घेतलं, उगाच विषाची परीक्षा नको. कुठे तडा नाही, कुठे रेघ नाही. आठ पळ्या काच, एका जिवाची. इतकं सुंदर काही आमच्या छपराखाली कधी झालं नव्हतं. भाचा खाली बसला आणि तोंडावर हात घेऊन नुसता बघत राहिला. "आत्या," एवढंच म्हणाला.

आणि बुडबुडा मधोमध नव्हता.

दोघांनी मिळून तो घरी नेला. दादा खुर्चीत बसला होता. त्याच्या मांडीवर चादरीची घडी ठेवून वर गोटा ठेवला, तीन वर्षांचं पोर मांडीवर बसावं तेवढं वजन. त्यानं दोन्ही हात त्याच्यावरून फिरवले, घुमटावरून खाली, कडेवरून गोल. मग नखानं टिचकी मारली. गोटा खणखणीत वाजला. तडा गेलेली काच बद्द वाजते, हे आम्हाला कुणी सांगावं लागत नाही.

"अख्खा आहे," तो म्हणाला.

"आहे."

"अजून ऊब आहे त्याला."

"पोटात असेल थोडी. जाईल संध्याकाळपर्यंत."

तो तसाच हात ठेवून बसला. वहिनी दाराशी उभी होती, माझ्याकडे बघत नव्हती. मग त्यानं विचारलं, आणि मला ठाऊक होतं की हेच विचारणार. "बुडबुडा मधोमध आहे का?"

मी गोट्याकडे बघितलं. चांगला लिंबाएवढा बुडबुडा, स्वच्छ, पण खाली घसरलेला, बुडापासून जेमतेम दोन बोटांवर.

"मधोमध आहे," मी म्हटलं. "अगदी बरोबर मधोमध."

दादा हसला. आठव्या दिवसापासून पहिल्यांदाच.

"खोटं. चार बोटांच्या गोट्यात काच घट्ट होईपर्यंत बुडबुडा थोडासा वर चढतो, म्हणून मी तेवढं खोल टोचतो. ही काच कितीतरी जास्त वेळ पातळ राहिली असणार, आणि बुडबुडाही मोठा, म्हणजे चढणार झपाट्यानं. साच्यात वर म्हणजे उलटा केल्यावर खाली. बुडाशी असणार तो. हे मला टोचताना कळायला हवं होतं. आपण दोघंही चुकलो, तू एकटीच नाहीस."

मी बाजूच्या स्टुलावर बसले. सोळा दिवसांची झोप एकदम अंगावर आल्यासारखं झालं, आणि वाटलं, आता उठून आपल्या खोलीत जावं, पांघरूण घ्यावं आणि कुणी हाक मारली तरी ओ देऊ नये.

"एकदा गप्प बसलीस, एकदा खोटं बोललीस," दादा म्हणाला. "तेवढं पुरे. आता मला नीट सांग, कसा दिसतोय. बुडापासून किती बोटं, गोल आहे की लांबट, उजेड कुठून शिरतोय. काही सोडायचं नाही."

"दादा, मी फार दमलेय रे."

"माहीत आहे," तो म्हणाला. "दमलीस तरी बोल."